ब्लडीवूड पहिल्यांदा ऐकलं तेव्हा तुम्हाला काय वाटलं?

मंडळी, ब्लडीवूड हा दिल्लीचा मेटल बँड. मेटल म्हणजे जड गिटार आणि जोरदार ड्रमवर चालणारं रॉक संगीत. करण कटियार (गिटार, बासरी) आणि जयंत भडुला (गायन) यांनी २०१६ च्या सुमारास यूट्यूबवर लोकप्रिय गाणी मेटलमध्ये करून टाकायला सुरुवात केली. पुढे राऊल केर हा रॅपर आला आणि स्वतःची गाणी होऊ लागली. २०१९ मध्ये ते जर्मनीतल्या वाकन या मेटल महोत्सवात वाजवून आले. २०२२ चा 'रक्षक' हा अल्बम त्यांनी कोणत्याही कंपनीच्या आधाराशिवाय, स्वतःच काढला.

माझं मत आधीच सांगते: यांच्या गाण्यात ढोल आणि बासरी शोभेला आणून बसवलेली नाहीत. ती काढलीत तर गाणं उभंच राहणार नाही. तुम्हाला काय ऐकू आलं, काय खटकलं, मोकळेपणाने लिहा.

पुणे, ढोलपथकातला वादक
आपण ढोल कमरेला बांधतो, एका बाजूला टिपरू आणि दुसरीकडे हात. पंजाबी ढोल गळ्यात अडकवतात आणि दोन्हीकडे काठ्या: खर्जाच्या बाजूला जाड, वाकडी काठी, दुसऱ्या बाजूला बारीक छडी. मेटलमध्ये ड्रमरचे दोन्ही पाय बेस ड्रमवर धावतात, गिटारही खालच्या सुरात लावलेली असते. म्हणजे खालची जागा आधीच भरलेली, ढोलाचा घुमारा त्यात बुडणार असं मी धरून चाललो होतो. पण ती बारीक छडी सगळ्यांच्या वर कडाडते. शिवाय भांगड्याच्या तालाला लचक असते आणि मेटल सरळ धावतं. त्यांच्या 'मची भसड' या गाण्यात हे दोन्ही एकत्र ऐकताना माझे हात आपोआप मांडीवर चालू लागले. सरावाला पथकातल्या पोरांना ऐकवलं, तर त्यांनी तिथल्या तिथे परत लावायला लावलं.

सातारा
आमच्या घरी तुणतुणं आहे, आजोबा शाहिरांच्या मागे वाजवायचे. म्हणून माझा कान तुंबी या पंजाबी वाद्याकडे गेला. तीही एकाच तारेची. तुणतुणं सूर धरून ठेवतं, तुंबी मात्र चाल वाजवते, तीही चढ्या आवाजात. एवढ्या गिटारींच्या कल्लोळात एक तार स्पष्ट ऐकू येते, याचा मला फार आनंद झाला.

कोल्हापूर, एक वडील
मला या संगीतातलं काही कळत नाही. आमचा कुत्रा गेला तेव्हा लेक आठवडाभर धड जेवली नव्हती. तिने मला 'याद' दाखवलं. व्हिडिओत कुत्रा आहे, आणि गाणं जवळचा जीव गमावण्याबद्दल आहे. इतक्या आरडाओरड्यात दुःख कसं मावेल, असं मी तिला विचारलं. ती म्हणाली, "बाबा, मला ओरडायचंच होतं." पुढे वाचलं, की या गाण्याच्या निमित्ताने बँडने भटक्या प्राण्यांसाठी काम करणाऱ्या संस्थेला रुग्णवाहिका दिली. 'जी वीरे' हे नैराश्याबद्दलचं गाणं, त्याच्या वेळीही लोकांना मोफत ऑनलाइन समुपदेशन मिळवून दिलं होतं. गाण्यात म्हटलेलं निभावणारी मुलं आहेत ही.

नागपूर, बासरी शिकते
मला रॅप खटकतं. हिंदी-पंजाबीत चाल छान चढत जाते आणि इंग्रजी शब्दांचा मारा सुरू झाला की माझं लक्ष तुटतं. बासरी मात्र खरी दमदार. त्यांनी ती हळुवार ठेवलेली नाही, गिटारच्याच तुकड्यांवर फुंकलेली आहे.

चर्चा सुरू करणारी
नागपूरच्या ताई, रॅपबद्दल माझं वेगळं मत आहे. 'दना दन' लैंगिक अत्याचाराविरुद्धचं गाणं आहे, तिथे भडुलाच्या गुरगुरण्यातून संताप कळतो, पण कशाबद्दलचा ते केरच्या ओळी सांगतात.

जर्मनी, नोकरीनिमित्त
इथे त्यांचा कार्यक्रम पाहिला. हिंदीचा एक शब्दही न येणारे जर्मन लोक धृपदं पाठ म्हणत होते, आणि ढोल एकटा वाजायला लागला तेव्हा मागच्या रांगांपर्यंत सगळे उड्या मारत होते. मी मराठीत ओरडलो, शेजारच्या माणसाने मला मिठी मारली.

चर्चा सुरू करणारी
नव्याने ऐकणाऱ्यांसाठी: आधी 'याद', मग 'जी वीरे', मग 'मची भसड'. ती पचली की २०२५ चा 'नू दिल्ली' हा अल्बम घ्या. त्यात जपानच्या बेबीमेटल या बँडसोबतचं 'बेखौफ' आहे. आणि कृपया हेडफोन लावा. मोबाइलच्या स्पीकरवर बेस आणि ढोलाचा खर्ज जवळजवळ ऐकूच येत नाही.