मदत हवी आहे: काल्पनिक राज्यांचा खेळ शनिवारी सुरू करायचाय आणि सगळेच अजिंक्य आहेत

झुंजार_मांजर
घाई आहे म्हणून थेट मुद्द्यावर येतो. आम्ही मित्रमंडळी मिळून राष्ट्रउभारणीचा रोलप्ले सुरू करतोय, म्हणजे प्रत्येकाने एकेका राज्याचा राजा किंवा राणी होऊन खेळायचं. फँटसी जग आहे, नकाशा तयार आहे. प्रत्येकाने आपापल्या राज्याची माहिती लिहून द्यायची ठरली होती, ती काल आली. वाचून डोक्याला हात लावला. एकाकडे उडत्या गलबतांचं आरमार. एकाचे सैनिक मरतच नाहीत. तिघांना ड्रॅगन हवेत. एकीने सैन्यच ठेवलेलं नाही, पण तिच्या राणीला कुणाच्याही मनातलं कळतं, आणि मला सगळ्यात जास्त धास्ती तिचीच वाटतेय.

प्रश्न एवढाच की हे सगळं एका पातळीवर कसं आणायचं? गुण द्यायचे का? द्यायचे तर किती? कुणाकडे तयार तक्ता असेल तर इथेच चिकटवा. शनिवार पुढे ढकलता येणार नाही.

दहीपोहे
रुमाल टाकून ठेवते. राणी आवडली.

तिरफळ
किती जण आहात? समोरासमोर बसून खेळणार की लिहून? एक फेरी म्हणजे खेळातला किती काळ? दोघांनी एकाच गावावर हक्क सांगितला तर निकाल कोण देणार? हे काहीच न सांगता गुण किती विचारताय, म्हणजे माप न देता ब्लाउज शिवायला टाकल्यासारखं झालं.

पावशेर
गुणच द्या, दुसरा इलाज नाही. आमच्या खेळात प्रत्येकाला २० गुण असायचे. ते सैन्य, जादू, व्यापार, शेती आणि प्रजेची निष्ठा यांत वाटायचे, एका खात्यात ७ च्या वर नाही. शिवाय एक उणीव सक्तीची, आणि ती शेजारच्या राजाने निवडायची. त्यामुळे "आमचे लोक जरा जास्तच स्वाभिमानी आहेत" असली गुळमुळीत उणीव लिहून सुटता येत नाही. ड्रॅगन हवा? ७ गुण मोजा आणि उरलेल्या १३ मध्ये राज्य चालवून दाखवा.

उंबरठा
पावशेर यांच्याशी साफ असहमत. गुण आले की लोक राज्य लिहायचं सोडून बेरजा करत बसतात. मॅट्रिक्स पद्धतीने खेळा. तुम्ही सांगायचं की मी अमुक करतो, त्यातून तमुक होईल, आणि ते का होईल याची कारणं. बाकीच्यांनी का होणार नाही ते सांगायचं. मग दोन फासे टाकायचे, ७ किंवा वर आले की जमलं. नुसत्या नशिबावर ३६ पैकी २१ वेळा जमतं. पटण्यासारख्या प्रत्येक कारणाला एक अधिक, विरोधातल्या प्रत्येक कारणाला एक उणे. दोन कारणं टिकली तर ५ आले तरी पुरतात, म्हणजे ३६ पैकी ३० वेळा.

यात ड्रॅगनचं वजन आपोआप उतरतं. "माझ्याकडे ड्रॅगन आहे" याला अधिक एक. "श्रावण आहे, ढग तटाला टेकलेत, त्याला किल्ला दिसणार कसा?" याला उणे एक. झाली बरोबरी.

पावशेर
थोडक्यात ज्याला बोलता येतं तो सम्राट. वकिलांचा खेळ.

उंबरठा
आणि तुमचा सीएंचा.

झुंजार_मांजर
९ जण. डिस्कॉर्ड या गप्पांच्या अ‍ॅपवर, लिहून. एक जण टोरोंटोला आहे, त्यामुळे सगळे एकत्र सापडतात ते फक्त शनिवारी रात्री ९ ला, तेव्हा त्याचे सकाळचे साडेअकरा. एक फेरी म्हणजे एक वर्ष. निकाल मी देणार. आता आकडा सांगा कुणीतरी.

खडूस_आजोबा
आमच्या वेळी उन्हाळ्याच्या सुट्टीत गॅलरीत चटई टाकून व्यापार खेळायचो. फासा हरवला तर चिंचोके घ्यायचो. हल्ली मुलांना सगळं पडद्यावर लागतं. मुलगा दहाच्या आतला असेल तर हे ड्रॅगन वगैरे त्याच्या डोक्यात भरवू नका. दिवाळीत मातीचा किल्ला करायला बसवा, हळीव पेरायला लावा. हातही चालतात आणि इतिहासही कळतो.

झुंजार_मांजर
आजोबा, मी ३४ वर्षांचा आहे.

खडूस_आजोबा
मग तर किल्ला कराच.

घाटवाट
नकाशा टाका आधी. निम्मी भांडणं नकाशातच दडलेली असतात.

झुंजार_मांजर
नकाशाबद्दल प्रश्नच नाहीये, तो ठरलाय. तरी वर दुवा जोडलाय, बघा.

घाटवाट
बघितला. चित्र सुरेख आहे, पण जग चालणार नाही. उत्तरेकडची मोठी नदी मध्यावर दुभंगून दोन वेगवेगळ्या समुद्रांना मिळतेय. त्रिभुज प्रदेशात मुखाशी फाटे फुटतात ते समजू शकतो, पण एरवी नद्या एकमेकींना येऊन मिळतात, पाणी उताराच्या एकाच वाटेने जातं. दुसरं म्हणजे डोंगररांगेच्या दोन्ही अंगांना तुम्ही सारखंच घनदाट जंगल रंगवलंय. वारा समुद्रावरून येत असेल तर पाऊस अलीकडेच पडून जाणार. महाबळेश्वरला वर्षाला सहा हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि तीसेक किलोमीटरवरच्या वाईला त्याच्या पाव हिस्सासुद्धा नाही. डोंगराच्या पलीकडे ज्वारी-बाजरीचं माळरान दाखवा. मग पलीकडच्या राजाला तांदूळ हवा, अलीकडच्याला बैल आणि घोंगड्या हव्यात, आणि व्यापाराला आपोआप कारण मिळतं.

पावशेर
आणि ती दक्षिणेची नदी? पश्चिमेचा समुद्र हाकेच्या अंतरावर असताना पूर्वेला एवढं लांब कशाला जाईल?

घाटवाट
ती बरोबर आहे. कृष्णाबाई काय करते? महाबळेश्वरला उगम, तिथून अरबी समुद्र साधारण ६४ किलोमीटर. तरी ती १४०० किलोमीटर चालून बंगालच्या उपसागराला मिळते. कडा पश्चिमेला आहे, पण उतार पूर्वेला आहे.

आता खरी गोम. या अख्ख्या डोंगररांगेत किनाऱ्यावरून पठारावर चढायला एकच घाट दिसतोय आणि तो "श्वेतगड" नावाच्या राज्यात आहे. हे राज्य कुणाचं?

झुंजार_मांजर
माझं.

तिरफळ
निकाल तुम्ही देणार म्हणाला होतात ना?

झुंजार_मांजर
हो, मग? नकाशा मी काढला, सर्व्हर मी सांभाळतो, नियम मी लिहितोय. एक राज्य तरी घेऊ नको का? आणि घाट तिथे कथेची गरज म्हणून आहे. माझ्याकडे ड्रॅगनही नाही आणि अमर सैन्यही नाही, साधे घोडेस्वार आहेत.

घाटवाट
साधे म्हणे! सातवाहनांच्या काळात कोकणातला माल नाणेघाटातून जुन्नरकडे चढायचा. घाटमाथ्यावर तो भलाथोरला दगडी रांजण अजून आहे, त्यात जकातीची नाणी टाकायचे असं परंपरेने सांगतात. तुम्ही तो रांजण गुपचूप स्वतःच्या अंगणात ठेवलाय आणि रागावताय मात्र ड्रॅगनवाल्यांवर.

शिळी_भाकरी
नमस्कार मंडळी. अमर सैनिकवाला तो मीच. मांज्या, तू इथे धागा काढलायस हे ग्रुपवर बोलला नाहीस. असो. माझे सैनिक मरत नाहीत, पण त्यांना भूक लागते. दुसऱ्या पानावर स्पष्ट लिहिलंय. तू पहिलं पान वाचून थांबलास.

पावशेर
भूक लागते? मग तुमचा प्रश्न सुटला की राव. गुणसुद्धा बाजूला ठेवा, पोसायचा खर्च लावा. प्रत्येक शक्तीला दर फेरीला खायला घालायचं, आणि ते आपल्याच जमिनीतून काढायचं किंवा विकत आणायचं. खराखुरा हत्ती दिवसाला शे-दीडशे किलो चारा फस्त करतो. ड्रॅगन काय पालापाचोळ्यावर राहणार आहे? त्याला गुरं लागतील, म्हणजे कुरणं लागतील, म्हणजे तेवढी शेती कमी. तीन ड्रॅगनवाले शेजारी शेजारी असतील तर दोन वर्षांत गायरानावरून आपसांतच भिडतील, तुम्हाला काही करायला लागणार नाही.

अमर सैन्याचं तर आणखी गमतीशीर आहे. इतरांची खाणारी तोंडं लढाईत कमी होतात, यांची होणार नाहीत. दर वर्षी नवी भरती केली की फौज वाढत जाणार आणि शेत तेवढंच. मोहिमेवर निघाले तर आणखी कठीण, कारण बैल जे धान्य वाहतो त्यातलंच खातो. पाच-सहा वर्षांत भाकरीसाहेब सगळ्या लढाया जिंकलेले आणि उपाशी.

शिळी_भाकरी
हेच मला लिहायचं होतं! अजिंक्य आणि भुकेकंगाल राज्य. कुणी विचारलंच नाही.

उंबरठा
या वेळी पावशेर यांच्याशी बाडिस (बाय डिफॉल्ट सहमत). स्वतःच चकित झालोय.

दहीपोहे
राणीचं राहिलं. तिला मनातलं कळतं हे एकदा फुटलं की कुठला राजा समोर येऊन बसेल? सगळे वकील, म्हणजे दूत, पाठवतील, आणि वकिलाला मुद्दाम अर्धीच गोष्ट सांगून पाठवतील. त्या बिचारीला लग्नाचं आमंत्रणसुद्धा येणार नाही. तिला हात लावू नका, तशीच राहू दे.

एक सुचवते. फेरीचे हुकूम सगळ्यांनी गुप्तपणे लिहून द्यायचे आणि एकदम उघडायचे. डिप्लोमसी नावाचा १९५९ पासूनचा बोर्डगेम असाच चालतो. सात सत्ता, फासे अजिबात नाहीत, आधी वाटेल तितक्या गुजगोष्टी, मग लेखी हुकूम. शब्द दिला तरी पाळायची सक्ती नाही. टोरोंटोवाल्यालाही सोयीचं, शनिवारच्या आत कधीही लिहून पाठवेल.

तिरफळ
पण हुकूम येणार कुणाकडे? धागाकर्त्याकडे. म्हणजे आठ जणांचे बेत वाचून झाल्यावर श्वेतगडचा राजा स्वतःचा बेत लिहिणार. तुम्ही कितीही सरळ असाल, पहिला घाट अडवलात की ग्रुपवर हेच बोललं जाणार. दोनच वाटा आहेत. राज्य सोडा आणि फक्त पंच राहा. नाहीतर स्वतःचा हुकूम सगळ्यांच्या आधी दुसऱ्या कुणाकडे देऊन ठेवा, आणि ज्या भांडणात श्वेतगड असेल त्याचा निकाल नकाशावर तुमच्यापासून सगळ्यात लांबच्या दोन राजांनी द्यायचा.

झुंजार_मांजर
मी विचारलं होतं गुण किती द्यायचे. सगळे माझ्याच राज्यावर का घसरलात?

बखरवाचक
तहांबद्दल कुणीच बोललं नाही म्हणून लिहितो. "आम्ही मित्र आहोत" असला तह चालवू नका, आकडे लिहून घ्या. १६६५ चा पुरंदरचा तह बघा. २३ किल्ले आणि ४ लाख होन (सोन्याची नाणी) उत्पन्नाचा मुलूख मोगलांकडे, १२ किल्ले आणि १ लाख होनांचा मुलूख महाराजांकडे, शंभूराजांना पाच हजारी मनसब, म्हणजे मोगली हुद्दा. काय गेलं, काय राहिलं, कुणी काय करायचं, सगळं मोजलेलं. तुमच्या खेळातल्या तहाला हाच साचा वापरा.

खडूस_आजोबा
त्या तहाआधी मुरारबाजींनी पुरंदर कसा लढवला तेही लिहा की. नुसते आकडे काय सांगता.

बखरवाचक
आजोबा, धागा तहाबद्दल आहे.

पावशेर
धागा तहाबद्दलही नाही.

उंबरठा
अवांतर होईल, पण १६७० मध्ये सिंहगड आणि पुरंदर परत घेतलेच ना? म्हणजे तह मोडायचाही नियम हवा. मोडला तर किंमत काय? आमच्याकडे तह मोडणाऱ्याला पुढची तीन वर्षं कुणाशीही नवा तह करता यायचा नाही. लोक मोडायचे, पण विचार करून मोडायचे.

तिरफळ
आणि माणूस गायब झाला तर काय, हेही आत्ताच लिहून ठेवा. या खेळांचा जीव लढाईत जात नाही, अशा गायब होण्यात जातो. आमच्यात धान्याचं कोठार असलेलं राज्य ज्याचं होतं त्याची नोकरी बदलली. तो ना लिहायचा, ना सोडतो म्हणायचा. बाकीचे त्याच्या उत्तरासाठी ताटकळले आणि मग एकेक करून गळाले. सलग दोन फेऱ्या पत्र नाही आलं की राजा तीर्थयात्रेला गेला असं समजायचं आणि शेजाऱ्यांनी मिळून कारभारी नेमायचा. कारभाऱ्याला युद्ध पुकारता येणार नाही, राज्य विकता येणार नाही. राजा परतला की गादी त्याची.

दहीपोहे
आणि काय खेळायचं नाही तेही पहिल्याच दिवशी बोलून घ्या. आमच्यात एकाने "असुर जमात" म्हणून जे लिहिलं होतं ते सरळसरळ एका खऱ्या समाजाचं वर्णन होतं, फक्त शिंगं लावलेली. ज्याला लागायचं त्याला लागलं, तो उठून गेला आणि बाकीच्यांना कारण फार उशिरा कळलं.

झुंजार_मांजर
सगळं वाचलं. आता ठरवतो, वेळ नाही. पोसायचा खर्च घेतोय. हुकूम गुप्त, शुक्रवारी रात्रीपर्यंत, माझा सगळ्यात आधी भाकरीकडे. तीर्थयात्रेचा नियम घेतला. लढाईला उंबरठा यांचे दोन फासे, श्वेतगड असेल तिथे लांबचे दोन राजे. दहीपोहे यांचा मुद्दा शनिवारी सगळ्यात आधी घेतो. उत्तरेची नदी दुरुस्त करतो. राज्य सोडणार नाही आणि घाटही सोडणार नाही.

शिळी_भाकरी
घाट ठेव. जकात किती?

झुंजार_मांजर
मालाचा चौथा हिस्सा.

शिळी_भाकरी
चौथाई? माझी माणसं वर्षभर घाटाखाली बसून राहतील. मरणार तर नाहीतच.

पावशेर
खातील काय?

शिळी_भाकरी
बरं, दहावा हिस्सा, आणि अडीअडचणीला तुझ्या कोठारातून उधार धान्य. आत्ताच लिहून दे.

झुंजार_मांजर
हे शनिवारी बोलू. इथे बाकीचे वाचतायत.

घाटवाट
वाचतोय. नकाशात दुसरा, अवघड का होईना, एक घाट काढा. बैल चढणार नाही, पण माणूस पाठीवर ओझं घेऊन चढेल असा. नाहीतर दर ठरवायला कुणाला जागाच राहणार नाही.

पावशेर
२० गुणांचा तक्ता व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलाय. लागला तर वापरा.