पाडलेली देवळं उभारायची, की उभी आहेत ती आधी सांभाळायची?

कावीवेडा (डिचोली)
चवथीला गावच्या देवळात गेलो तर उत्तरेच्या भिंतीवरचा गरुड गायब. त्या जागी पिस्ता ऑइलपेंट आणि वर ट्यूबलाइट. लहानपणी त्याच्या पंखांच्या रेघा मोजता मोजता माझी आरती संपायची. कावीचं काम होतं ते. ओल्या चुन्याच्या गिलाव्यावर लाल काव चढवायची, गुळगुळीत गोट्याने घोटायची आणि ओल आहे तोवर टोकदार लोखंडाने खरवडून खालचा पांढरा चुना उघडा करायचा. चित्र रंगवलेलं नसतं, कोरलेलं असतं. वरून रंग फासला की रेघा बुजतात, आणि तो रंग काढायला जावं तर कावही सुटते.

2022च्या अर्थसंकल्पात गोवा सरकारने पोर्तुगिजांनी पाडलेल्या देवळांच्या पुनर्बांधणीसाठी 20 कोटी ठेवले. त्यामागची भावना मला कळते. पण साडेचारशे वर्षांपूर्वी जे पडलं ते यंदाच्या पावसात आणखी पडणार नाही, कावीची भिंत पडेल. राज्याच्या संरक्षित यादीत 51 स्मारकं आहेत. आमच्या गरुडासारखे त्या यादीबाहेर. पहिला हक्क उभ्या असलेल्याचा, असं माझं म्हणणं.

नार्वेकाठ
साफ अमान्य. सप्तकोटेश्वराचं मूळ देऊळ दिवाडी बेटावर होतं. ते पाडलं, लिंग नदीपार नार्व्याला आलं, आणि 1668मध्ये शिवाजी महाराजांनी तिथे जीर्णोद्धार केला. तेव्हा कोणी ‘आधी जुन्या भिंती बघा’ म्हणालं असतं तर? आज तेच देऊळ संरक्षित वारसा आहे, सरकारने दुरुस्त करून 2023मध्ये पुन्हा खुलं केलं. आणि 20 कोटींचं एवढं काय? तेवढ्यात सरकारचा एक पूलही धड होत नाही.

कावीवेडा
महाराजांनी दिवाडीच्या ओसाड जागेवर नाही बांधलं, जिथे पूजा चालू होती ते देऊळ सावरलं. तुमचं उदाहरण माझ्याच बाजूचं आहे हो.

महाजनाचा पोर (फोंडा)
पिस्ता रंग कोणी मारला ते मी सांगतो. आमच्यासारख्यांनीच. देऊळ सरकारचं नाही, 1933च्या देवस्थान कायद्याने ते महाजनांचं, म्हणजे देवळाच्या हक्काच्या घराण्यांचं आहे आणि वर मामलेदार बसलेला. छप्पर गळायला लागलं की मुंबईतल्या महाजनांना फोन जातात. फरशीला पैसे येतात, कारण फरशीवर नाव कोरता येतं. चुन्याला कोण देणार? चुना आठवडेच्या आठवडे भिजत ठेवावा लागतो, तोवर जत्रा येऊन ठेपते.

अनुदानाचं म्हणाल तर आम्ही एकदा घेतलंय. दोन वर्षं फाइल फिरली. शेवटी सगळ्यात कमी बोलीवाला कंत्राटदार आला आणि त्याने चिऱ्याच्या भिंतीला सिमेंटचा गिलावा ठोकला. तिसऱ्या पावसात लोणा लागला. हात फिरवला की साखरेसारखी पांढरी पूड तळव्याला. चौथ्या वर्षी सिमेंटचा पापुद्रा गळाला तो आतला जुना चुनाही घेऊन. अनुदान आलं नसतं तर भिंत वाचली असती. आता सांगा, अजून पैसे मागू?

सत्तरीची बाय
भिंती, भिंती, भिंती! आमच्याकडे शिगम्याला रणमाले होतं, रामायणावरचं लोकनाट्य. मागच्या खेपेला रामाला रजा मिळाली नाही, वेर्ण्याला कारखान्यात दुसरी पाळी होती. म्हातारा रावण आणि म्हाताराच राम, लोक हसले. म्हाताऱ्या कलाकारांना सरकार महिन्याला मानधन देतं, चांगलंच आहे. पण ज्याने अजून शिकायचंय त्याच्या चार दिवसांच्या रोजंदारीचं काय? आरतीचं घुमट, म्हणजे मातीच्या घटाचं वाद्य, शेकायला कोणी उरलं नाही तर तुमचा गरुड कोणाची आरती ऐकणार?

दोन टक्के
एवढं रडगाणं कशाला? 2013च्या कंपनी कायद्यात कंपन्यांनी समाजकामावर करायच्या खर्चाची, म्हणजे सीएसआरची, जी यादी आहे तिच्यात वारशाची जपणूक आहे. रेईश मागूशचा किल्ला बघा. ब्रिटिश ट्रस्टचा पैसा, वारसा जपणाऱ्या इन्टॅक संस्थेची माणसं, सोबत राज्य सरकार. 2012मध्ये लोकांसाठी उघडला. काम देखणं झालं.

महाजनाचा पोर
तो पणजीसमोर मांडवीवर दिसतो, म्हणून. आमचं देऊळ कुळागरामागे, सुपारीच्या बागेआड. आणि आमच्या भागातल्या कंपन्या म्हणजे खाणवाल्या. डोंगर पोखरले त्यांच्याकडून देवाला चुना लावून घ्यायचा?

कावीवेडा
सिमेंटचं वाचून गप्प झालो होतो. पैसे आले की भलं होतं असं मी धरून चाललो होतो, ते चुकलं. मग देवळाला नकोच. चुन्याचं काम शिकणाऱ्या दोन पोरांना वर्षभर मजुरी द्या, आणि कंत्राटदाराचं शेवटचं बिल तिसऱ्या पावसानंतर. बाय, शिगम्याच्या रोजंदारीलाही माझी हरकत नाही, फक्त ती 20 कोटींतूनच काढा.

पण चुना येणारा गवंडी उरलाय कुठे?

नार्वेकाठ
म्हणजे फिरून आमच्याच पैशांवर डोळा. माझा विरोध कायम. शिकणाऱ्या पोरांना द्यायचे तर वेगळे द्या.

महाजनाचा पोर
गवंडी आहे एक आमच्या वाड्यावर. वय अठ्ठ्याहत्तर, शिडी चढत नाही, पण खाली बसून दुसऱ्याला शिव्या घालत काम करून घेतो. रविवारी ये. जोरात बोल, कमी ऐकतो. आणि पिस्ता रंगाचा विषय आमच्या काकांसमोर काढू नको.