टर्मिनलमधून प्रोग्रॅम चालतो, क्रॉनमधून चालवला की टेसरॅक्ट सापडत नाही

ऐरोलीकर
नमस्कार मंडळी. काकांचा वाशी मार्केटला कांदा-बटाट्याचा गाळा आहे, तिथे शेतकऱ्यांच्या पट्ट्या (विकलेल्या मालाच्या हिशोबाच्या पावत्या) रोज स्कॅन करून ठेवतात, हमाली, तोलाई, वाराई सगळं त्यावर मराठीत छापलेलं असतं. मी त्यांना एक छोटा पायथन प्रोग्रॅम लिहून दिलाय, तो स्कॅनच्या फोल्डरमधल्या फायली एकेक करून टेसरॅक्टला (चित्रातली अक्षरं वाचणारा प्रोग्रॅम) देतो आणि जो मजकूर निघेल तो शीटमध्ये भरतो. मशीन गाळ्यावरच आहे, उबुंटू. टेसरॅक्ट सोर्सवरून बिल्ड केलाय त्यामुळे तो /युएसआर/लोकल/बिन मध्ये बसलाय.

आता होतंय असं की मी घरून एसएसएच करून (दुरून त्या मशीनच्या टर्मिनलमध्ये शिरून) चालवला की मस्त चालतो, सगळ्या पट्ट्या वाचल्या जातात, पण तोच प्रोग्रॅम रात्री क्रॉनने (ठरलेल्या वेळी आपोआप प्रोग्रॅम चालवणारी सोय) चालला की पहिल्याच फायलीला "फाईलनॉटफाउंडएरर, एररनो २, नो सच फाईल ऑर डिरेक्टरी: टेसरॅक्ट". टर्मिनलमध्ये विच टेसरॅक्ट विचारलं की तो कुठे आहे ते बरोबर दाखवतो. बॅशआरसीमध्ये (टर्मिनल उघडताना वाचली जाणारी सेटिंगची फाईल) पाथ, म्हणजे प्रोग्रॅम शोधायच्या फोल्डरची यादी, टाकून झाला, मशीन रीस्टार्ट करून झालं, युजरपण तोच आहे. टेसरॅक्ट चालवायला पायथनचं सबप्रोसेस डॉट रन वापरतोय, आर्ग्युमेंट लिस्टमध्येच देतोय. शेतकऱ्याचा सकाळी फोन आला की लगेच हिशोब सांगता आला पाहिजे म्हणून हे रात्रीतच व्हायला हवंय. कुठे बघू?

कोपरीची_कोडर
युजर तोच असला तरी एन्व्हायर्नमेंट (प्रोग्रॅमला सुरू होताना मिळणारी सेटिंग) तेच नाहीये, घोळ तिथेच आहे. कुठलाही प्रोग्रॅम सुरू होतो तेव्हा त्याला पाथ वगैरे सगळं ज्याने त्याला सुरू केलं त्याच्याकडून मिळतं. तुम्ही एसएसएच करता तेव्हा मध्ये बॅश (कमांड वाचून चालवणारा शेल) येतो, तो बॅशआरसी वाचतो आणि मग तुमचा प्रोग्रॅम चालतो. रात्री मात्र क्रॉन थेट /बिन/एसएच या साध्या शेलला सांगतो की हे चालव, बॅश मध्ये येतच नाही, मग बॅशआरसीत काहीही लिहा, ती वाचणार कोण? आणि समजा बॅश आला तरी उबुंटूच्या बॅशआरसीत अगदी वरतीच चेक आहे की शेल इंटरॅक्टिव्ह (समोर माणूस टाइप करतोय असा) नसेल तर इथूनच परत फिर, त्यामुळे त्याच्या खाली लिहिलेलं काही लागूच होत नाही.

उबुंटू-डेबियनचा क्रॉन डीफॉल्ट पाथ देतो फक्त /युएसआर/बिन आणि /बिन. त्यात युएसआर लोकल बिन नाही. ॲप्टने (उबुंटूच्या तयार पॅकेजमधून) टाकलेला टेसरॅक्ट असता तर तो युएसआर बिनमध्ये बसला असता आणि हे कधी दिसलंच नसतं.

पण माझ्यावर विश्वास ठेवू नका, बघून घ्या. प्रोग्रॅमच्या सुरुवातीलाच ओएस डॉट एन्व्हायरन मधला पाथ आणि शटिल डॉट विच काय देतं ते एका फायलीत लिहा आणि क्रॉनमधूनच चालवा. टर्मिनलमध्ये विच करून जे उत्तर येतं ते टर्मिनलचं उत्तर असतं, त्याचा इथे उपयोग शून्य.

घणसोली_लिनक्स
एवढं कशाला, क्रॉनटॅबच्या (क्रॉनच्या कामांची यादी असलेल्या फायलीच्या) सगळ्यात वर पाथची एक लाईन लिहून टाक भावा, काम झालं. फक्त पूर्ण यादी लिही, डॉलर पाथ लिहून पुढे जोडायला जाऊ नकोस, क्रॉनटॅबमध्ये डॉलरवालं एक्स्पांड होत नाही, ते अक्षरं म्हणूनच जातं आणि मग आहे ते पण सापडेनासं होतं. अजून एक, जॉबच्या लाईनमध्ये तारखेसाठी टक्केवारीचं चिन्ह असेल तर त्याच्या आधी बॅकस्लॅश दे, नाहीतर क्रॉन त्याला नवी ओळ समजतो.

ठाणे_वेस्ट_८८
सबप्रोसेसमध्ये शेल इक्वल टू ट्रू करून बघ ना, माझं एकदा चाललेलं त्याने.

कोपरीची_कोडर
@ठाणे_वेस्ट_८८ त्याने इथे फरक पडणार नाही. शेल ट्रू केलं की मध्ये /बिन/एसएच येतो आणि त्यालाही तोच तोकडा पाथ मिळतो. एक्सेप्शनच्या जागी १२७ रिटर्न कोड (कमांड सापडली नाही) येईल आणि तो चेक केला नसेल तर प्रोग्रॅम रात्रभर काहीच न वाचता गुमान पुढे जात राहील, ते तर जास्त वाईट. शिवाय स्कॅनरवरच्या फायलींच्या नावात स्पेस, कंस, ॲपॉस्ट्रॉफी काहीही असतं, ते शेलच्या हातात द्यायचं नाही. लिस्ट देताय तीच बरोबर आहे.

क्रॉनटॅबमध्ये पाथ लिहिणं चुकीचं नाही, पण उद्या कोणी हाच प्रोग्रॅम सिस्टमडीच्या टायमरवर (क्रॉनसारखीच दुसरी सोय) नेला की परत पहिल्यापासून. टेसरॅक्टचा पूर्ण पाथ कॉन्फिग फायलीत ठेवा आणि सुरुवातीलाच चेक करा, नसेल तर स्पष्ट मेसेज देऊन थांबा. पायथनचंही तेच, व्हर्च्युअल एन्व्ह (प्रोजेक्टपुरतं वेगळं पायथन) असेल तर ॲक्टिव्हेटच्या भानगडीत न पडता त्याच्या बिनमधल्या पायथनचाच पूर्ण पाथ क्रॉनटॅबमध्ये द्या.

ऐरोलीकर
ताई, बरोबर निघालं तुमचं. फायलीत पाथ आला /युएसआर/बिन:/बिन आणि विचचं उत्तर नन, म्हणजे सापडलंच नाही. पूर्ण पाथ दिला, फाईलनॉटफाउंड गेलं. पण आता रिटर्न कोड १२७ येतोय! पूर्ण पाथ देऊनपण कमांड नॉट फाउंड कसं काय?

कोपरीची_कोडर
१२७ चा अर्थ दर वेळी तोच नसतो. स्टँडर्ड एररमध्ये काय आलंय ते कॅप्चर करून टाका इथे.

ऐरोलीकर
"एरर व्हाइल लोडिंग शेअर्ड लायब्ररीज: लिबटेसरॅक्ट डॉट एसओ डॉट ५, कॅनॉट ओपन शेअर्ड ऑब्जेक्ट फाईल". बॅशआरसी उघडून बघितली तर त्यात एलडी लायब्ररी पाथ (लायब्ररी कुठे शोधायच्या) आणि टेसडेटा प्रीफिक्स (टेसरॅक्टच्या भाषेच्या फायली कुठे आहेत) अशा दोन लाईनी आहेत.

कोपरीची_कोडर
मग सगळं उलगडलं. टेसरॅक्ट सापडला, पण त्याची लायब्ररी लोडरला (प्रोग्रॅम सुरू होताना लायब्ररी जोडणाऱ्याला) सापडेना, आणि लोडर अडला की तोही १२७ च देतो. लायब्ररी /युएसआर/लोकल/लिब मध्ये असणार, एकदा सुडो एलडीकॉन्फिग (लायब्ररींची नोंद नव्याने करणारी कमांड) चालवा, उबुंटूमध्ये तो फोल्डर त्याच्या यादीत असतोच. नंतर एलडी लायब्ररी पाथची लाईन काढून टाका, ती लागणारच नाही.

टेसडेटा प्रीफिक्सचं पुढचं संकट आत्ताच सांगते. एलडीकॉन्फिग झालं की मराठीची डेटा फाईल उघडता येत नाही म्हणून ओरडेल, कारण ती कुठे ठेवलीय हे फक्त बॅशआरसीला माहितीय. एमएआर वाली ट्रेन्डडेटा फाईल सरळ /युएसआर/लोकल/शेअर/टेसडेटा मध्ये नेऊन ठेवा, सोर्सवरून बिल्ड केलेला टेसरॅक्ट तिथेच शोधतो. प्रोग्रॅममधूनच द्यायचं असेल तर सबप्रोसेसच्या एन्व्ह पॅरामीटरमध्ये नुसती ती एकच व्हॅल्यू देऊ नका. एन्व्ह दिलं की आधीचं सगळं पुसून फक्त तेवढंच जातं, पाथ नाही, होम नाही, काही नाही. ओएस डॉट एन्व्हायरनची कॉपी घ्या, त्यात एक वाढवा आणि ती द्या.

आणि प्रत्येक बदलाला रात्रीची वाट बघू नका. टर्मिनलमध्ये एन्व्ह -आय (रिकाम्या एन्व्हायर्नमेंटने सुरू करणारी कमांड) देऊन पुढे होम आणि क्रॉनवाला छोटा पाथ लिहा, त्यापुढे /बिन/एसएच -सी आणि तुमची कमांड. रात्री क्रॉनमध्ये जे फाटतं ते बहुतेक सगळं असं दुपारीच फाटतं.

ऐरोलीकर
एलडीकॉन्फिग केलं, डेटा फाईल हलवली, बॅशआरसीतल्या दोन्ही लाईनी काढल्या, एन्व्ह -आय ने व्यवस्थित चालला आणि काल रात्री क्रॉननेपण सगळ्या पट्ट्या वाचल्या. खूप आभार ताई, काकांनापण सांगितलं.

तलावपाळी_मॅक
याच धाग्यात विचारतो, माझं मॅकवर सेम आहे. टर्मिनलमधून एफएफएमपेग (व्हिडिओ-ऑडिओ बदलणारा प्रोग्रॅम) सापडतं, पण ॲपच्या आयकॉनवर डबल क्लिक करून उघडलं की सापडत नाही. होमब्रूने (मॅकवर प्रोग्रॅम टाकायचं साधन) टाकलंय, एम१ वाला मॅक आहे.

घणसोली_लिनक्स
कारण तेच दादा. आयकॉनवरून उघडलेलं ॲप लाँचडी (मॅकवर प्रोग्रॅम सुरू करणारी सिस्टमची सेवा) सुरू करतो, तो झेडशआरसी (मॅकच्या टर्मिनलची बॅशआरसीसारखी फाईल) वाचत नाही. त्याच्या पाथमध्ये युएसआर बिन, बिन, युएसआर एसबिन, एसबिन एवढंच असतं आणि एम१ वर होमब्रू सगळं /ऑप्ट/होमब्रू/बिन मध्ये टाकतं. ॲपमध्ये आधी तिथे बघ, मग /युएसआर/लोकल/बिन मध्ये, कारण इंटेलवाल्या मॅकवर होमब्रू तिकडे असतं, आणि दोन्हीकडे नाही मिळालं तर सेटिंगमध्ये युजरला पाथ विचार.