कराटे शिकते हे चारचौघांत सांगावं का?

तपकिरी_पट्टा
गेली नऊ वर्षं कराटे करते, त्यातली शोतोकान शैली. दादरला एका शाळेच्या हॉलमध्ये आठवड्यातून तीन संध्याकाळी क्लास असतो. ऑफिसात हे कुणालाच माहीत नव्हतं. मागच्या महिन्यात डबा खाताना एकीने विचारलं, "मनगटाला काय झालं गं?" मी बोलून गेले, "कुमितेत लागलं." कुमिते म्हणजे समोरासमोर लढतीचा सराव.

त्या दिवसापासून पिच्छा सुटत नाही. लिफ्टपाशी एकजण मला बघितलं की "हाय्या" करत अंगावर येतो. दुसऱ्याने तर पँट्रीत मागून येऊन मनगट धरलं, दुखरंच. म्हणे, "सोडवून दाखव बघू." माझ्या दुसऱ्या हातात गरम चहा होता. नऊ वर्षं अंगात मुरलेली हालचाल, हात त्याच्या अंगठ्याच्या बाजूने फिरायला लागलासुद्धा होता. पुढचा ठोसा मी कसाबसा आवरला. कप खाली पडला, चहा त्याच्या बुटांवर आणि माझ्या पायावर. तो हसत होता.

माझं मत आता पक्कं आहे. घरच्यांना सांगावं, डॉक्टरांना सांगावं, बाकी कुणाला नाही. शोतोकानचे संस्थापक फुनाकोशी गुरुजी, त्यांचं 'कराते नी सेन्ते नाशी' हे वाक्य आमच्याकडून पहिल्याच आठवड्यात पाठ करून घेतलं होतं. कराटेत पहिला वार नसतो. हेइआन शोदान हा आमचा पहिला काता (ठरलेल्या हालचालींची मालिका), त्याची पहिली हालचालही गेदान बराई, म्हणजे येणारा वार खाली झाडून अडवणं. जी विद्या अडवण्यापासून सुरू होते तिची पाटी गळ्यात कशाला अडकवायची? शिवाय खरंच वेळ आली तर समोरच्याला आपल्याबद्दल काही ठाऊक नसणं हाच मोठा आधार असतो.

परळची_ज्युदोका
अजिबात पटलं नाही. हात त्याने धरला, आणि चूक तुमच्या तोंडातून निघालेल्या एका वाक्याची? असं कसं?

आणि फुनाकोशींचं नाव घेतलंत म्हणून सांगते. त्यांच्या लहानपणी ओकिनावात कराटे रात्री, चोरून शिकत असत. त्याच माणसाने १९२२ साली टोकियोत जाऊन सगळ्यांसमोर प्रात्यक्षिक दाखवलं. ते गप्प बसले असते तर दादरच्या त्या हॉलमध्ये तुमचा क्लास भरला असता का?

माझं लग्न ठरवायचं होतं तेव्हा आईने बायोडेटामधली ज्युदोची ओळ काढून टाकली. "मुलाकडचे बिचकतील." भरतकाम मात्र ठेवलं, जे मला येतही नाही. मी ती ओळ परत घातली. दोन स्थळांकडून पुढे काही कळलं नाही. जे बिचकले ते आधीच कळले, बरंच झालं. नवऱ्याने पहिल्या भेटीत विचारलं होतं, "पडताना लागत नाही का?" पडायचं कसं हेच तर ज्युदोत आधी शिकवतात.

आम्ही चाळीत राहतो. तिथे लपवणार म्हटलं तरी कसं? ज्युदोचा गी, म्हणजे सरावाचा पोशाख, गोधडीसारखा जाड, जुलैत दोन-दोन दिवस वाळत नाही. गॅलरीत दोरीवर लोंबतो, येणारा-जाणारा विचारतो. तो बघूनच आमच्या मजल्यावरच्या चार मुली क्लासला यायला लागल्या. त्यातल्या एकीचे वडील आधी माझ्याशी बोलायचेही नाहीत, आता तिला सोडायला स्वतः येतात. मी गी आत वाळवला असता तर त्या चौघी आज कुठे असत्या?

गिरणगावचा_नातू
माझे आजोबा लालबागच्या तालमीतले पैलवान, दिवसा गिरणीत साच्यावर. त्यांना सांगावं लागायचंच नाही, कान सांगायचे. कुस्तीत कान घासून घासून आत रक्त साकळतं, मग ते गाठीसारखं घट्ट होतं. मोडलेले कान म्हणजे पैलवान, ही ओळख पुसता येत नाही.

मान होताच. पण नळावर भांडण झालं, बोलवा त्यांना. भाडेकरू खोली सोडत नाही, बोलवा त्यांना. नुसतं उभं राहायला. आजी म्हणायची, ह्यांची निम्मी उमर दुसऱ्यांचे तंटे मिटवण्यात गेली. एकदा दारू प्यालेला एकजण केवळ नाव कमवायला त्यांच्या अंगावर धावून आला होता. आजोबांनी त्याला उचलून कट्ट्यावर बसवलं, पाणी पाजलं. हे जमायला तीस वर्षांची तालीम लागते. पंचविशीतल्या पोराला जमेलच असं नाही. म्हणून माझं मत धागाकर्तीच्या बाजूने. ज्याला लपवता येतं त्याने लपवावं.

काळा_कोट
वकिली करते, म्हणून कायद्यापुरतं. ब्लॅक बेल्टवाल्याला पोलिसात नोंद करावी लागते, त्याचे हात शस्त्र धरले जातात, असं लोक छातीठोकपणे सांगतात. आपल्याकडे असा कायदा नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत कलम ३४ ते ४४ स्वसंरक्षणाच्या हक्काची आहेत. शिकलेला असो वा न शिकलेला, हक्क सगळ्यांना. मर्यादा कलम ३७ मध्ये आहे: बचावाला लागेल त्याहून जास्त इजा करायची नाही.

क्लासला जाता हे जरूर सांगा. पण "एका फटक्यात आडवा करीन" असं स्टेटस ठेवू नका. उद्या खरंच हाणामारी झाली तर समोरचा वकील आधी तेच पुढे करणार. मीही केलं असतं.

विरार_लोकल
कधी सांगता यावर आहे सगळं. लेडीज डब्यात चौथ्या सीटवरून जुंपलेली असताना एक मुलगी म्हणाली, "मी कराटे करते हां." डबा एकदम शांत झाला. ती खरंच करत असेलही, पण त्या क्षणी ती धमकीच होती. मला तिची भीती नाही वाटली, वाईट वाटलं. भांडणात कधीच बोलू नये. एरवी का लपवायचं? परळच्या ताईंशी सहमत.

तपकिरी_पट्टा
सगळ्यांचं वाचलं. परळच्या ताई, चूक त्याची आहे हे मान्य. ते मी सुरुवातीलाच लिहायला हवं होतं.

पण न सांगण्याचं माझं आणखी एक कारण आहे, ते आता लिहिताना उमगलं. क्लासमध्ये मला कुणी आडनावाने, पगाराने, हुद्द्याने ओळखत नाही. दीड तास मी फक्त रांगेतली तिसरी असते. ती एवढी एकच जागा माझी होती. आता सोमवारी सकाळी "काल किती जणांना मारलं?" ऐकलं की वाटतं, तिथेही ऑफिस घुसलं. चाळीतल्या मुली आल्या हे वाचून खूप छान वाटलं. तरी मी पुन्हा नोकरी बदलली तर तिथे नाही सांगणार.

परळची_ज्युदोका
नका सांगू, तुमचा हक्क आहे. पण पँट्रीतलं सोडू नका. दहा किंवा जास्त माणसं असलेल्या ऑफिसात कामाच्या ठिकाणी महिलांच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्याने अंतर्गत समिती असावीच लागते, आणि नको असताना अंगाला हात लावणं त्यात येतं. लेखी तक्रार तीन महिन्यांच्या आत द्यायची असते. महिना तर गेलाच. तारीख, वेळ, तेव्हा पँट्रीत कोण कोण होतं, पाय भाजल्यावर कुणाला दाखवलात, सगळं आज रात्रीच लिहून काढा.