पावडरी वासाचं सेंट: ईडीटी की ईडीपी?

टिळकवाडीकर: बाबांच्या दाढीनंतर घरभर दरवळायचा तसला पावडरी वास हवाय. गेरलां या फ्रेंच अत्तरवाल्यांचं ‘आबी रूज’ (1965) मनात भरलंय. ईडीटी (ओ द तॉयलेत, हलकं) घेऊ की ईडीपी (ओ द पार्फम, दाट)? माझं दुकान बेळगावच्या खडेबाजारात, दिवसभर गिऱ्हाईक अंगाशी.

निपाणीकर: भावा, ईडीटीच घे. आधी लिंबू-संत्र्याचा झणका, मग व्हॅनिला, चामडं आणि त्यावर ती मऊ पावडर. ईडीपीत अर्क जास्त, चामडं-व्हॅनिला दाट. एप्रिलच्या उन्हात, गर्दीत डोक्यात जातंय बघ. आपल्या पावसाळ्यात, थंडीत मात्र ईडीपीच शोभतंय. तेव्हा एकच फवारा, शर्टाच्या आत.

खानापूरची ताई: कागदी पट्टीवर ठरवू नका. मनगटावर मारा, गणपत गल्ली फिरून या, मग हुंगा. पावडर उशिरा उमलते.

टिळकवाडीकर: ताई, दोन्हींच्या छोट्या कुप्या आधी मागवतो.