‘लोड’ हा एकच शब्द सगळीकडं चालवणं बंद करावं का?

मांजराकाठ (मूळ धागा)
लातूर जिल्ह्यात पॉलिटेक्निकला शिकवतो. वर्गात लोड म्हणजे काय विचारलं की इलेक्ट्रिकलचं पोरगं अँपिअर सांगायलंय, सिव्हिलचं किलोन्यूटन, कॉम्प्युटरचं म्हणतं पेज उघडायला लागणारा टाइम, आणि मागच्या बाकावरून आवाज येतो सर लोड घेऊ नका. हसू येतं ते ठीक, पण परीक्षेत हीच पोरं एकाची व्याख्या दुसऱ्याला चिकटवतात. माझं मत सरळ आहे, विषय वेगळा तर शब्द वेगळा पाहिजे आणि तो मराठीत पाहिजे. वीजबिलावर ‘मंजूर भार’ छापलेलंच असतं की, मग वर्गात कामून लाजायचं?

औसा_सिव्हिल
अजिबात पटलं नाही सर. हा शब्द सगळीकडं एक आहे हेच त्याचं भलं आहे. काहीतरी सोसायला उभं आहे आणि त्याच्यावर काय येतं, तो लोड. बीमवर स्लॅबचा, तारेवर मोटारींचा, एक्सलवर मालाचा.
आपल्याकडचंच घ्या. ३० सप्टेंबर १९९३ ला किल्लारीत पहाटे चारच्या सुमाराला जो भूकंप झाला त्यात माणसं नुसत्या हादऱ्यानं गेली नाहीत, माळवदाखाली गेली. दगडमातीच्या जाड भिंती, वर लाकडी तुळया आणि त्यावर मातीचा थर, गळू नये म्हणून वर अजून माती, असं करत डोक्यावर दोन-दोन फूट माती झालेली. हा डेड लोड, म्हणजे बांधकामाचं स्वतःचं कायमचं वजन. भिंत तो सरळ खाली पेलते, पिढ्यानपिढ्या पेलते, पण भूकंप आडवा ढकलतो आणि जेवढं वस्तुमान जास्त तेवढा तो जोर जास्त. म्हणजे वरचा लोडच आडवा फिरला. हे पोराला एकदा कळलं की वारा, भूकंप, गर्दी सगळं त्याच शब्दावर टांगता येतं. तुम्ही पाच शब्द करणार आणि मधलं नातं तोडणार.

नांदेडची_सिस्टर
सिव्हिल दादा, तुमची व्याख्या आमच्या वॉर्डात येऊन बसत नाही. व्हायरल लोड म्हणजे रक्ताच्या एका मिलीलिटरमधे विषाणूच्या किती प्रती आहेत त्याची मोजणी, ते काही कोणी पेलायचं वजन नाही. आणि लोडिंग डोस तर तिसरंच, औषधाचं प्रमाण अंगात लवकर पोचावं म्हणून पहिला डोस मोठा द्यायचा, मग नेहमीचा चालू.
आता तुम्हाला गंमत वाटंल पण एचआयव्हीच्या पेशंटला ‘लोड कमी झालाय’ म्हटलं की घरच्यांना वाटतं ओझं उतरलं, गोळ्या बंद केल्या तर चालतंय. खरं तर गोळ्या चालू आहेत म्हणून तो कमी आहे, बंद केल्या की परत चढतो. मी तरी आता ‘विषाणूंची संख्या’ असंच म्हणते, लांब पडतं तर पडू दे.

डीपी_जळाली
मास्तर न् सिस्टर दोघायला रामराम, मी वायरमन आहे मला व्याख्या जमत नाही पण लोड माझ्याइतका कोणी बघितला नसंल. शेतकऱ्याचा एक लोड कागदावर असतो एक जमिनीत. प्लेट ३ एचपीची, आत मोटर ५ ची. २०२४ पासून साडेसात एचपीपर्यंत शेतीपंपाचं बिल माफ झालंय तवापासून तर कागदावर कोणाचाच लोड साडेसातच्या वर जायला तयार नाही 😄 कागद बघून ६३ केव्हीएचा डीपी (ट्रान्सफॉर्मर) बसवायचा अन् खरा लोड आला की जळायला लागला की शिव्या आम्हाला.
अजून एक ऐका. मोटर जळाली की सगळे म्हणतात ओव्हरलोड झाला. काही वेळा उलटं असतंय. उन्हाळ्यात बोअरचं पाणी खाली गेलं की मोटर मोकळी फिरती, लोड उतरतो, अँपिअर कमी होतात, म्हणून स्टार्टरमधला ओव्हरलोड रिले ट्रिपच होत नाही, त्याला वाटतं सगळं मस्त चाललंय. पण सबमर्सिबलला थंड ठेवणारं पाणीच नाही, मग बुश (आतले बेअरिंग) जातात, वाइंडिंग जातं. त्याच्यासाठी अँपिअर कमी झाले की बंद करणारा ड्राय रन प्रिव्हेंटर वेगळा लावावा लागतो. म्हणजे लोड कमी म्हणून जळाली, हे शेतकऱ्याला तुमच्या ‘भारा’त कसं सांगू? लोड म्हटलं की निदान ऐकून तरी घेतो.

जालना_ट्रान्सपोर्ट
आमच्यात लोड म्हणजे भाडं. ‘लोड भेटला का’ म्हणजे परतीचा माल मिळाला का. २०१८ ला सरकारनं चार टायरच्या एका एक्सलची मर्यादा १०.२ वरून ११.५ टन केली, तिथं मात्र लोड म्हणजे वजनच. दोन्ही अर्थ एका फोनमधे येतात, आजवर कोणाची गाडी चुकून दुसरीकडं गेली नाही.

बीडचा_पुण्यात
कॉम्प्युटरमधे तर दोन अर्थांचा एकमेकाशी संबंधच नाही. फाइल लोड करणं म्हणजे डिस्कवरून मेमरीत आणणं. लिनक्सचा लोड ॲव्हरेज म्हणजे चालू असलेली आणि वाट बघणारी कामं किती, त्याची १, ५ आणि १५ मिनिटांची सरासरी. तो टक्क्यात नसतो, चार कोअरच्या, म्हणजे एका वेळी चार कामं करणाऱ्या मशीनवर ४ आला तर घाबरायचं कारण नाही, पण नवीन पोरं ४ टक्के समजून गप बसतात आणि ४० झाला तरी गपच. मी मांजराकाठ सरांच्या बाजूनं, पण ‘भार’ नको, इथं रांग म्हणा.

औसा_सिव्हिल
रांग?? रस्त्यावर गर्दी झाली की पुलावर लोड आला म्हणतोच ना आपण. तुमची मेमरी, आमचा बीम, सोसणारा कोणीतरी आहेच. सिस्टर ताईंचा मुद्दा तेवढा मान्य, तिथं मोजणीच आहे.

मांजराकाठ
एक मान्य केलात म्हणजे तुमची ‘सगळीकडं एक’वाली गोष्ट गेली. आणि वायरमन भाऊ, तुम्ही स्वतःच कागदावरचा, प्लेटवरचा आणि अँपिअरचा असे तीन लोड सांगितलेत, शेतकरी फसतो तो तिथंच. कागदावरच्याला ‘मंजूर भार’ म्हणा आणि चालू मोटारीच्याला लोड म्हणा, एवढं केलं तरी माझं भांडण मिटलं.

डीपी_जळाली
सर लोडशेडिंगला पेपरवाले इतकी वर्षं भारनियमन लिहायलेत, आमच्या गावात एक माणूस दाखवा तसं म्हणणारा.

नांदेडची_सिस्टर
माझा नवरा म्हणतो. पण तो तलाठी आहे.