मदत हवी आहे: ओटो-लँगेन इंजिनाच्या चालत्या मॉडेलमध्ये पिस्टन उतरताना जोर टिकत नाही

सर्व जाणकारांना नमस्कार.

गेल्या दिवाळीपासून मी सोलापुरात घरी निकोलाउस ओटो आणि ऑयगेन लँगेन यांच्या वायुदाब इंजिनाचे चालते मॉडेल घडवत आहे. १८६७ च्या पॅरिस प्रदर्शनात लेन्वारच्या आधीच्या गॅस इंजिनापेक्षा निम्म्याहूनही कमी गॅसवर चालून सुवर्णपदक मिळवणारे हेच ते इंजिन. ओटोचे चार धावांचे (फोर-स्ट्रोक) इंजिन १८७६ सालचे, आणि त्याच्या पुढच्याच वर्षी आमच्या गावात ‘जुनी मिल’ म्हणून ओळखली जाणारी कापडगिरणी उभी राहिली. वडील गिरणीत फिटर होते. वाफेच्या यंत्रांविषयी त्यांच्याकडून पुष्कळ ऐकले, पण त्याच काळात वाफेला पर्याय शोधणारी ही यंत्रे मात्र मला फार उशिरा भेटली, आणि तेव्हापासून ती मनातून गेलेली नाहीत.

ज्यांना हे इंजिन परिचित नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. सिलिंडर उभा असून वरून उघडा असतो. पिस्टनच्या दांड्याऐवजी दातेरी रॅक, म्हणजे दाते असलेली सरळ पट्टी, असते आणि ती मुख्य दांड्यावरील पिनियनमध्ये, म्हणजे लहान दातेरी चाकात, बसते. त्या पिनियनमध्ये सायकलच्या फ्रीव्हीलसारखा एकाच दिशेने पकडणारा क्लच असतो. पिस्टन थोडा उचलला जाऊन गॅस आणि हवा आत ओढली जाते, ज्योत लागते, आणि स्फोटाने पिस्टन मोकळाच वर भिरकावला जातो. त्या क्षणी फ्लायव्हीलला काहीच मिळत नाही. आतले वायू थंड होऊन त्यांचा दाब बाहेरच्या हवेपेक्षा खाली गेला, की बाहेरची हवा पिस्टनला खाली दाबते, क्लच पकडतो आणि खरे काम तेव्हा होते. म्हणजे या इंजिनाची ताकद स्फोटात कमी आणि स्फोटानंतरच्या पोकळीत अधिक आहे. माझी अडचण नेमकी त्या पोकळीची आहे.

मॉडेलची मापे अशी आहेत. बोअर (सिलिंडरचा आतला व्यास) ३६ मिमी, पिस्टनची जास्तीत जास्त उडी १७० मिमी, पिनियनचा पिच व्यास ४० मिमी, रॅकसह पिस्टनचे वजन ४१० ग्रॅम. सिलिंडर आणि पिस्टन दोन्ही बिडाचे असून रिंगा नाहीत. होनिंग करून, म्हणजे आतून बारीक घासून, दोहोंत सुमारे ०.०२ मिमी फट ठेवली आहे. सिलिंडरभोवती पाण्याचे जॅकेट आहे. सरकती झडप गनमेटलची (तांबे-कथिलाच्या मिश्रधातूची) असून ती बिडाच्या सपाट तोंडावर पितळी झाकणाने दाबलेली आहे. हवा-गॅस आत घेणे, ज्योत पोहोचवणे आणि जळका वायू सोडणे ही तिन्ही कामे तीच करते. बिडाचे ओतकाम अक्कलकोट रोड एमआयडीसीत यंत्रमागाचे सुटे भाग ओतणाऱ्या एका फाउंड्रीतून करून घेतले आणि ते उत्तम निघाले, हे आवर्जून नोंदवतो.

इंधनाचा प्रश्न सुटला आहे. मूळ इंजिन कोळशाच्या गॅसवर चालत असे आणि त्या गॅसला सुमारे पाच-सहा पट हवा पुरते, तर एलपीजीला पंचवीस ते तीस पट हवा लागते. जुन्या आकृतीच्या प्रमाणात पाडलेले गॅसचे छिद्र म्हणूनच फार मोठे ठरले आणि सुरुवातीला नुसता धूर येत राहिला. ते बुजवून ०.८ मिमीचे केल्यावर प्रज्वलन नियमित झाले. सर्व चाचण्या मी गच्चीवर, मोकळ्या हवेत करतो.

आता दोष सांगतो. हिशेबाप्रमाणे पूर्ण उतरणीत पिनियनचा सुमारे सव्वा फेरा व्हायला हवा. गार इंजिनात पहिल्या आठ-दहा उड्यांना तसे जवळपास होते. त्यानंतर मात्र पिस्टन तितकाच उंच उडूनही खाली येताना जेमतेम अर्धा फेरा ओढतो आणि उरलेले अंतर केवळ स्वतःच्या वजनाने उतरतो. सोलापूर समुद्रसपाटीपासून साडेचारशे मीटरहून किंचित उंच आहे, त्यामुळे हवेचा दाब किनाऱ्यापेक्षा सुमारे पाच टक्के कमी मिळतो, हे मी धरले आहे. पण पाच टक्क्यांनी एवढी घट होणार नाही.

पहिला संशय क्लचवर होता. आतल्या आणि बाहेरच्या भागावर खडूच्या रेघा मारून मोबाईलवर संथ गतीचे चित्रण केले, तेव्हा पकड बसेपर्यंत सुमारे वीस अंश घसरण दिसली. ती रॅकवर फक्त सात मिमी भरते, म्हणून क्लचला मी तूर्त निर्दोष मानतो. जॅकेटमधील पाणी गार ठेवूनही फरक पडला नाही. तर मग गळती कोठे असावी, आणि ती तापल्यावरच का वाढावी?

पुरवणी, तीन दिवसांनंतर.

येथील एका सदस्यांनी गळतीची चाचणी गार आणि गरम अशा दोन्ही स्थितींत करावी असे सुचवले, त्याबद्दल मी त्यांचा मनापासून आभारी आहे. सर्व छिद्रे बंद होतील अशा जागी झडप ठेवून पिस्टन हाताने १५० मिमी वर ओढला, पाच सेकंद धरला आणि सोडला. गार असताना तो मूळ जागेच्या ९ मिमी वर थांबला, तर वीस मिनिटे चालवून लगेच पाहिल्यावर ३८ मिमी वर. मग झडपेच्या कडेने तेलाची धार सोडली. ज्योतीच्या बाजूची कड ते तेल आत ओढून घेत होती, दुसऱ्या बाजूला तेल तसेच राहिले. ज्योतीने एकाच अंगाने तापून गनमेटलची झडप बाक घेते आणि स्क्रूने घट्ट बसवलेले झाकण तिला पुन्हा तोंडावर टेकू देत नाही, असा माझा निष्कर्ष आहे.

म्हणून आता नेमके विचारतो. झडपही बिडाची करून झाकण स्क्रूंऐवजी स्प्रिंगांनी दाबले, तर दोन्ही पृष्ठे सारखी प्रसरण पावून बसतील का? स्प्रिंगांचा एकूण दाब किती ठेवावा, की गळती थांबेल आणि झडप हलवण्यातच इंजिनाचा जोर खर्च होणार नाही? आणि झडपेसाठी ७० बाय ३० मिमीचा तुकडा सरफेस ग्राइंडिंग करून (घासून अचूक सपाट करून) देणारे, एकाच नगाचे काम घेणारे कोणी सोलापुरात किंवा पुण्यात असतील, तर कृपया कळवावे.